मेन बंद केला तरी घर बंद होत नाही : सोलर आणि बॅटरी असलेल्या घरांची विद्युत सुरक्षा

कऱ्हाडकर (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून छपरावर पॅनेल बसवणाऱ्या घरांची संख्या झपाट्याने वाढली आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८,००० रुपये असे अनुदान असल्यामुळे या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा अनुदान, नेट मीटर आणि पैसे किती वर्षांत वसूल होतात एवढ्यावरच थांबते. हा धागा त्यासाठी नाही. स्वतःची वीज तयार करणाऱ्या आणि साठवणाऱ्या घरात विजेच्या सुरक्षेचे नियम कुठे आणि का बदलतात, एवढ्यापुरताच तो ठेवावा अशी विनंती आहे.

साध्या घरात वीज एकाच वाटेने येते. मेन स्विच खाली ओढला की त्यापुढचे सगळे निर्जीव होते, आणि आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी याच गृहीतकावर उभ्या आहेत. छपरावर पॅनेल आले की दुसरा उगम येतो आणि बॅटरी आली की तिसरा. महावितरणचा पुरवठा तोडला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारांमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) राहतो आणि बॅटरीच्या तारांमध्ये तर रात्रीही राहतो. सुरक्षेचे बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, असे मला विद्युत अभियंता म्हणून वाटते.

आकडे पाहिले तर धोका नीट कळतो. सध्या सर्रास बसवल्या जाणाऱ्या ५४० वॅटच्या एका पॅनेलचे उघड्या टोकांवरचे व्होल्टेज सुमारे ४९ ते ५० असते. अशी नऊ पॅनेल एका ओळीत जोडली की साडेचारशे व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, दाब तयार होतो, आणि थंडीतल्या सकाळी तो आणखी काही टक्के वाढतो, कारण पॅनेल जितके गार तितके त्याचे व्होल्टेज जास्त. हा डीसी दाब घरातल्या एसीपेक्षा, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेपेक्षा, वेगळ्या प्रकारे वागतो. आपला ५० हर्ट्‌झचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, म्हणून स्विच उघडताना उठलेली ठिणगी लगेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही. सैल जोडणीत उठलेली ज्योत तशीच जळत राहते आणि प्लास्टिक, लाकूड, तारेचे आवरण जे सापडेल ते पेटवते. म्हणून डीसी बाजूला साधा एसीचा एमसीबी लावणे ही काटकसर नसून सरळ आगीला आमंत्रण आहे. डीसी एमसीबीमध्येही अनेक प्रकारांना धन आणि ऋण टोकांची दिशा असते. उलटा जोडला तर तो दिसायला ठीक दिसतो, पण ऐन वेळी आतली ज्योत विझवू शकत नाही.

बंद करण्याचा क्रम सांगून थांबतो. आधी घरातला भार कमी करावा, मग इन्व्हर्टरची एसी बाजू, मग पॅनेलकडचा डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) आणि शेवटी बॅटरीचा ब्रेकर बंद करावा. निर्मात्याने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. त्यानंतरही इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे साठलेली वीज शिल्लक असते, त्यामुळे लेबलवर लिहिलेला वेळ जाऊ देईपर्यंत झाकण उघडू नये. आणि चालू संचातला एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणारा तुकडा) हाताने कधीही ओढून काढू नये.

तारतंत्री

चांगला धागा काढलात. मी परवानाधारक वायरमन असून बरीच वर्षे या कामात आहे, त्यामुळे लाइनवर काम करणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो.

रोहित्र म्हणजे आपला डीपी दोन्ही बाजूंनी चालतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ११,००० व्होल्टचे तो घरगुती दाबात रूपांतर करतो, तसेच एखाद्या घरातून उलट दिशेने २३० व्होल्ट त्यात शिरले तर पलीकडे ११,००० व्होल्ट तयार होऊ शकतात. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या लाइनमनला, त्याची कल्पना नसते. म्हणूनच ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, ग्रिडची वीज गेली की स्वतःहून बंद पडलाच पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विकेंद्रित निर्मितीविषयक विनियमांत, दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर दोन सेकंदांत संच ग्रिडपासून सुटावा आणि पुरवठा पूर्ववत होऊन ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा जोडला जाऊ नये, असे बंधन आहे. ‘लाइट गेली की सोलरही बंद पडते, मग एवढा खर्च कशाला केला’ अशी तक्रार प्रत्येक नवीन ग्राहक करतो. तो दोष नाही, खांबावरच्या माणसाच्या जिवासाठी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे.

ज्यांना वीज गेल्यावरही दिवे हवेत त्यांनी हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो आधी स्वतःला ग्रिडपासून वेगळे करतो आणि मगच बॅकअपच्या टोकावर वीज देतो. जुन्या घरगुती इन्व्हर्टरच्या किंवा जनरेटरच्या सॉकेटमधून दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर घेऊन घराच्या सॉकेटमध्ये खुपसणे हा प्रकार मी आजही पाहतो. त्याला कोणत्याही परिस्थितीत क्षमा नाही. जनरेटर जोडायचाच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच लावावा.

अकोलेकर

दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. माझा एक नेमका प्रश्न आहे. आमचे घर फीडरच्या (वीजवाहिनीच्या) अगदी टोकाला आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, उन्हाळ्यात तर रोजच, इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असा संदेश देऊन बंद पडतो आणि ऐन उत्पादनाच्या वेळचे युनिट बुडतात. ज्यांनी संच बसवला ते म्हणतात की सेटिंगमधला देशाचा कोड बदलून मर्यादा वाढवून देतो, मग त्रास होणार नाही. असे करावे का?

तारतंत्री

करू नये. त्या मर्यादेचा संबंध तुमच्या युनिटांशी नाही. वरची मर्यादा नाममात्र दाबाच्या ११० टक्के आहे, २३० व्होल्ट नाममात्र धरले तर ती २५३ व्होल्ट होते. मर्यादा वाढवली की इन्व्हर्टर त्याच्याही वर दाब ढकलत राहतो आणि त्याचा फटका तुमच्या व शेजाऱ्यांच्या फ्रिजला, टीव्हीला, एलईडी दिव्यांना बसतो. शिवाय देशाचा कोड बदलला की दाबाबरोबर वारंवारितेच्या मर्यादा आणि ग्रिड गेल्यावर सुटण्याच्या वेळाही बदलतात. म्हणजे ज्या संरक्षणाविषयी मी वर लिहिले तेच शिथिल होते.

आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल तपासून घ्या. ती लांब आणि बारीक असेल तर तिच्यातच काही व्होल्ट चढतात आणि इन्व्हर्टरला प्रत्यक्ष ग्रिडपेक्षा जास्त दाब दिसतो. मीटरजवळ आणि इन्व्हर्टरजवळ एकाच वेळी दाब मोजला की दोष कोणाकडे आहे ते लगेच कळते. मीटरजवळही दाब जास्त असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा. रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारा दाब कमी-जास्त करणारी जोडणी) बदलणे किंवा फेजवरचा भार समतोल करणे हे त्यांचे काम आहे.

ठाण्याची सचिव

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सामाईक दिवे आणि पंपासाठी पॅनेल आहेत, त्यात बॅटरी नाही. आता वरच्या मजल्यावरच्या एका सदस्यांनी स्वतःच्या खर्चाने दहा युनिटांची लिथियम बॅटरी आणून ती जिन्याच्या लँडिंगवर, लिफ्टच्या यंत्रखोलीच्या दाराशी ठेवण्याची परवानगी मागितली आहे. फ्लॅटमध्ये जागा नाही आणि लँडिंग कोणी वापरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. समितीतल्या काही जणांना यात काही गैर वाटत नाही. मला मात्र ते पटलेले नाही. नियम काय सांगतात?

मेलबर्नवासी

मी ऑस्ट्रेलियात राहते. इथे जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर केंद्र सरकारची मोठी सवलत सुरू झाल्यावर बॅटरी बसवण्याची अक्षरशः लाट आली, त्यामुळे जागेचा प्रश्न इथे रोजच्या बोलण्यातला आहे. इथले २०१९ चे मानक बॅटरी राहत्या खोलीत बसवू देत नाही. जिन्याखाली, छताच्या पोकळीत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरही ती चालत नाही. खिडकी आणि दरवाजापासून ६०० मिलिमीटर अंतर सोडावे लागते, आणि भिंतीच्या पलीकडे राहती खोली असेल तर मध्ये न जळणारा थर लागतो. ब्रिटनमध्येही मार्च २०२४ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक मानकाचा रोख असाच आहे. झोपण्याच्या खोल्या, जिने, पोटमाळे आणि सुटकेचा मार्ग हे सगळे वर्ज्य मानले आहे.

ही बंधने भारतात लागू नाहीत हे मला माहीत आहे. पण बॅटरी पेटली की तिचा धूर कुठे जाईल, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

एक वेगळा अनुभवही सांगावासा वाटतो. इथे पूर्वी प्रत्येक घराच्या छपरावर, पॅनेलशेजारी, डीसी आयसोलेटर बसवणे सक्तीचे होते. हेतू सुरक्षेचाच होता. पण उन्हापावसात त्या डब्यांमध्ये पाणी शिरून तेच आगीचे कारण ठरू लागले, म्हणून २०२१ च्या मानकात ती सक्ती काढून दुसरे पर्याय दिले गेले. उघड्यावर जितके डबे आणि जोड जास्त, तितकी पाणी शिरायला जागा जास्त.

कऱ्हाडकर (धागाकर्ता)

सचिवबाई, तुमची शंका रास्त आहे आणि परवानगी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी परदेशी मानकांचा आधार घ्यायचीही गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहिता आणि महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम या दोन्हींचा भर सुटकेचे मार्ग मोकळे ठेवण्यावर आहे. जिना हाच तुमच्या इमारतीचा सुटकेचा मार्ग आहे. लँडिंगवर आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या लोकांना खाली उतरायला वाट उरणार नाही. त्या सदस्यांना गच्चीवर, राहत्या खोल्यांपासून दूर, सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर वेगळी हवेशीर जागा देता येते का ते पाहावे. तेही विद्युत ठेकेदाराच्या आराखड्यासह आणि सोसायटीच्या लेखी ठरावानेच करावे.

बॅटरीच्या रसायनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गैरसमज दोन्ही टोकांना आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट ही घरगुती साठवणीत सध्या सर्वाधिक वापरली जाणारी जात निकेल असलेल्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा अधिक स्थिर आहे. ती उशिरा तापते आणि सहसा भडकत नाही. पण ‘ही पेटतच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे नाही. आतला सेल बिघडला, चिरडला गेला किंवा मर्यादेपलीकडे चार्ज झाला तर तीही ज्वालाग्राही आणि विषारी वायू सोडते, आणि बंद खोलीत साचलेला तो वायू एका ठिणगीने भडकू शकतो. तिच्यातून धूर येताना दिसला तर विझवण्याचा प्रयत्न न करता सगळ्यांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे, १०१ वर कळवावे आणि घरात सोलर व बॅटरी आहे हे फोनवरच सांगावे.

दुसऱ्या टोकाला जुनी शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी आहे, जिला आपण इतकी वर्षे घरात ठेवत आलो की तिची भीतीच मोडली आहे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. हा वायू हलका असल्यामुळे वर जाऊन साचतो. म्हणून झरोका वरच्या बाजूला हवा. पॅसेजमध्ये खाली बॅटरी आणि वरच्या फळीवर देव्हारा, त्यात तेवणारी समई, ही मांडणी मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. ती आजच बदलावी.

या दोन्ही प्रकारांत एक धोका समान आहे आणि तो कमी व्होल्टेजमुळे नजरेआड राहतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीला हात लागला तर कोरड्या हाताला सहसा काही जाणवत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर त्या बॅटरीतून शंभर अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर काही हजार अँपियर वाहू शकतात. पाना लाल होतो, वितळलेला धातू उडतो, आणि बोटात अंगठी किंवा हातात धातूची बांगडी असेल तर ती हाडापर्यंत भाजते. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ, एवढा प्रवाह तोडण्याची क्षमता असलेला डीसी फ्यूज हवा. बाजारातला घरगुती एमसीबी तिथे पुरत नाही. केबल पुरेशा जाडीची हवी. तारेच्या टोकाचा धातूचा लग योग्य साधनाने दाबलेला हवा. पक्कडीने चेपून वर टेप गुंडाळलेला लग काही महिन्यांत गरम होऊ लागतो, त्याच्या कडेचे आवरण आधी तपकिरी आणि मग काळे पडते. महिन्यातून एकदा नुसत्या डोळ्यांनी तो रंग पाहिला तरी पुष्कळ काही कळते.

शेवटचे म्हणजे जुन्या इन्व्हर्टरला शिसे-आम्लाची बॅटरी काढून लिथियमची लावणे. चार्जिंगचे व्होल्टेज जुळत नसेल आणि बॅटरीच्या नियंत्रण प्रणालीचा इन्व्हर्टरशी संवाद होत नसेल, तर सगळी सुरक्षा बॅटरीच्या आतल्या शेवटच्या संरक्षणावर येऊन पडते. ते संरक्षण क्वचित प्रसंगासाठी असते, रोज त्याच्यावर विसंबायचे नसते.

अकोलेकर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवली तर?

कऱ्हाडकर (धागाकर्ता)

ठेवू नका. बाहेर ४५ असेल तर पत्र्याखाली त्याहून बरेच जास्त असते, आणि बहुतेक निर्मात्यांची चार्जिंगची मर्यादा साधारण तेवढ्याच तापमानाला सुरू होते. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या पक्क्या भिंतीला, सावलीत, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी ठेवा.

श्रीवर्धनकर

कोकणातल्या परिस्थितीबद्दल लिहितो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि तेव्हापासून ज्याला परवडते तो पॅनेल आणि बॅटरी बसवतो. समुद्राच्या खाऱ्या हवेचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा विचार मात्र फार थोड्या जणांनी केलेला असतो.

आमच्याकडे नेहमी दिसणारी गोष्ट अशी. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन फॉल्ट’ असा संदेश दाखवून सुरूच होत नाही. नऊ-दहा वाजता ऊन पडले, छप्पर वाळले की आपोआप सुरू होतो. लोक म्हणतात, दमट हवा आहे, चालायचेच. हे चालवून घेऊ नये. इन्व्हर्टर रोज सकाळी जोडण्याआधी पॅनेलच्या तारा आणि जमीन यांच्यातला रोध तपासतो. तो कमी भरला याचा अर्थ कुठेतरी आवरण सोलले आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे. पत्र्याच्या कडेवर घासणारी केबल, वानरांनी ओढलेली वायर, खारीने कुरतडलेला तुकडा यापैकी काहीतरी हमखास सापडते. एका जागी गळती असेपर्यंत इन्व्हर्टर तरी तुम्हाला सावध करतो. दुसऱ्या जागी गळती झाली की दोन्हींमधून प्रवाह पत्र्यातून वाहू लागतो आणि मग आग लागायला वेळ लागत नाही. संदेश रीसेट करत बसण्यापेक्षा कोरड्या दिवशी वायरमन बोलावून प्रत्येक ओळ वेगळी मोजून घ्यावी.

कनेक्टरबद्दलही सांगतो. एमसी-४ हे नाव आता सगळ्यांनाच लावले जाते, पण दोन निर्मात्यांचे नर आणि मादी एकमेकांत बसले तरी आतला धातू आणि त्याची घट्टपणाची मापे सारखी असतीलच असे नाही. असा मिश्र जोड काही वर्षांनी तापतो. एका जोडीतले दोन्ही तुकडे एकाच निर्मात्याचे असावेत असा आग्रह धरावा. सगळ्या जोडण्या छपराला टेकू न देता स्ट्रक्चरला बांधलेल्या असाव्यात, आणि उन्हात टिकणारी सोलरचीच केबल असावी. घरगुती वायरिंगची तार छपरावर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

माणदेशी

आमच्याकडे वळवाच्या विजा फार. माझ्या माहितीप्रमाणे सोलरच्या संचाला अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे लागतात. एक लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा), एक डीसीचा आणि एक एसीचा, आणि ते एकमेकांना अजिबात जोडायचे नसतात, नाहीतर अरेस्टरवर पडलेली वीज घरात शिरते. संच बसवणाऱ्यांनीही मला हेच सांगितले आहे. पण गेल्या महिन्यात आलेल्या दुसऱ्या वायरमनने ते तिन्ही पट्टीने जोडायला सांगितले. कोण बरोबर?

कऱ्हाडकर (धागाकर्ता)

दुसरा वायरमन बरोबर आहे. खड्डे तीन असावेत, कारण प्रत्येक प्रवाहाला जमिनीत जाण्याची स्वतःची जवळची वाट हवी. पण जमिनीच्या पातळीवर ते एकमेकांना जोडलेलेच असावेत. न जोडलेल्या खड्ड्यांमध्ये वीज पडल्याच्या क्षणी हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो. अरेस्टरचा खड्डा एकदम वर चढतो, घराचे अर्थिंग खाली राहते, आणि तो फरक जिथे दोन्ही अर्थिंग जवळजवळ येतात तिथे, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये किंवा त्याला टेकलेल्या माणसातून, उडी मारतो. जोडलेले असतील तर सगळे एकत्र वर जाते आणि एकत्र खाली येते. सौर संचांच्या आपल्याकडच्या सरकारी निविदांमधल्या तांत्रिक अटींतही सगळी अर्थिंग एकमेकांना जोडून त्यांच्यात दाबाचा फरक राहू देऊ नये असेच लिहिलेले असते. अर्थिंगसाठी मूळ भारतीय मानक आयएस ३०४३ आहे.

अरेस्टरची खाली येणारी पट्टी मात्र पॅनेलच्या केबलपासून अंतर राखून, इमारतीच्या बाहेरून, शक्य तितकी सरळ उतरवावी. डीसी आणि एसी दोन्ही डब्यांत सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा अचानक झटका जमिनीकडे वळवणारे साधन) हवा, आणि त्याच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा कमी ठेवावी, कारण लांब वेटोळे घातलेल्या तारेत विजेचा झटका अडखळतो आणि प्रोटेक्टर असून नसल्यासारखा होतो. त्याच्या छोट्या खिडकीत हिरव्याऐवजी लाल दिसू लागले की तो कामी आला आहे असे समजून बदलावा. वळवाच्या प्रत्येक मोठ्या पावसानंतर तेवढे पाहून यावे.

तारतंत्री

आता मी न्यूट्रलकडे वळतो, कारण बॅटरी नंतर बसवलेल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ इथे असतो आणि कोणी तपासतही नाही.

घराला मिळणारा न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला जोडलेला असतो. म्हणूनच फेज जमिनीला लागला की प्रवाह वाहतो आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा स्विच, पुरवठा क्षणात तोडतो. वीज गेल्यावर हायब्रिड इन्व्हर्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून घराला वेगळे करतो. त्या क्षणी घराचा न्यूट्रल जमिनीपासून सुटतो. अशा तरंगत्या न्यूट्रलवर गळती झाली तर तिला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी स्वस्थ बसून राहतो. दुसरीकडे आणखी एक दोष झाला की झटका पूर्ण बसतो. म्हणून बॅकअप चालू असतानाच न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा रिले लागतो, आणि ग्रिड परत येताच तो सुटलाही पाहिजे. काही इन्व्हर्टरमध्ये तो आत असतो, पण सेटिंगमधून सुरू करावा लागतो. काहींना बाहेरून लावावा लागतो.

लोक आरसीसीबीचे टेस्ट बटन दाबून समाधान मानतात. ते बटन फक्त आतली यंत्रणा हलते की नाही एवढेच सांगते. ते फेज आणि न्यूट्रल यांच्यातच छोटा असमतोल निर्माण करते, त्याला अर्थची गरजच नसते. त्यामुळे अर्थ तुटलेला असला आणि न्यूट्रल तरंगत असला तरी बटन दाबल्यावर आरसीसीबी पडतो. खरी तपासणी म्हणजे महावितरणचा पुरवठा तोडून, बॅकअप चालू ठेवून, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजणे. शून्याच्या जवळपास एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. शंभरच्या आसपास दिसले तर न्यूट्रल तरंगतो आहे. हे मोजमाप जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरा घोळ सामाईक न्यूट्रलचा. बॅकअपवर फक्त दिवे, पंखे, फ्रिज घेतले आणि एअर कंडिशनर, गीझर थेट ग्रिडवर ठेवले, तर डीबीमध्ये (वितरण पेटीत) दोन्ही भागांची न्यूट्रल पट्टीही वेगळी करावी लागते. फेज वेगळा करून न्यूट्रल एकाच पट्टीवर ठेवला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग कोणीतरी वैतागून तो काढूनच टाकतो. हा शेवटचा टप्पा मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की ‘आरसीसीबी त्रास देतो’ असे ऐकले की मी आधी न्यूट्रल पट्टी उघडून पाहतो. आरसीसीबीचा वर्गही इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. साधा एसी वर्गाचा आरसीसीबी ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमधून येणारी डीसी गळती ओळखत नाही, तिथे ए किंवा बी वर्गाचा सांगितलेला असतो.

सांगलीकर

पुराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. २०१९ मध्ये आमच्याकडे आणि २०२१ मध्ये चिपळूणला पाणी कुठवर चढले होते ते सगळ्यांना आठवत असेल. पॅनेल छपरावर कोरडी, आणि इन्व्हर्टर व बॅटरी तळमजल्यावर पाण्यात, अशी स्थिती झाली तर मीटर बंद असूनही दिवसा त्या पाण्यात पॅनेलकडून दाब येत राहतो. म्हणून पूररेषेच्या आतल्या घरांनी हे सगळे पहिल्या मजल्यावरच बसवावे, आणि पाणी चढू लागताच, घर सोडण्याआधी, कोरड्या पायांनी डीसी आयसोलेटर आणि बॅटरीचा ब्रेकर बंद करावा. पाणी आत आल्यावर त्यांच्याजवळ जाऊ नये. भिजलेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा सुरू करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण आत उरलेला ओलावा काही दिवसांनीही बिघाड करू शकतो.

ठाण्याची सचिव

सर्वांचे आभार. लँडिंगची परवानगी आम्ही नाकारली असून गच्चीवरच्या जागेचा विचार सुरू आहे. आता त्या सदस्यांकडून कोणती कागदपत्रे मागावीत? महावितरणची मंजुरी असली की सगळे तपासले गेले, असे मानायचे का?

कऱ्हाडकर (धागाकर्ता)

तसे मानू नये. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन दहा किलोवॅटपर्यंतच्या छपरावरच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास न करताच मंजुरी मिळालेली समजली जाते. कागदपत्रांची फरफट वाचली हे चांगलेच झाले. पण ती मंजुरी ग्रिडच्या सोयीविषयी आहे, तुमच्या इमारतीतल्या बॅटरीविषयी नाही. शिवाय अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. त्यामुळे पुष्कळ जण आधी साधा संच बसवून नेट मीटर घेतात आणि वर्षभराने बॅटरी जोडतात. त्या दिवशी घराची सगळी वायरिंग बदलते, पण पाहायला कोणीच येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयीचे २०२३ चे विनियम अशा बदललेल्या मांडणीलाही लागू आहेत, आणि काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे.

तुम्ही मागावे ते एवढे: ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, बॅटरीसह बदललेला वायरिंगचा एकरेषीय आराखडा, आणि त्याच्या सहीचा चाचणी अहवाल, ज्यात अर्थिंगचा रोध, प्रत्येक ओळीचे इन्सुलेशन, आरसीसीबी तुटण्याचा वेळ आणि बॅकअपवरचा न्यूट्रल-अर्थ दाब प्रत्यक्ष आकड्यांत लिहिलेला असेल. ‘समाधानकारक’ असा शेरा चालवून घेऊ नका. त्या आराखड्याची एक प्रत आणि बंद करण्याचा क्रम, मोठ्या मराठी अक्षरांत, तळमजल्यावरच्या मीटर पॅनेलच्या दारावर लावा. अग्निशमन दलाचे लोक पहिल्यांदा तिथेच येतात, आणि गच्चीवर पॅनेल व बॅटरी आहे हे त्यांना तिथेच कळायला हवे. सुरक्षारक्षक बदलला की नव्यालाही ते एकदा दाखवून ठेवा.

तारतंत्री

एक भर. त्या पाटीवर आयसोलेटर कोणत्या मजल्यावर, कोणत्या भिंतीला आहेत तेही लिहा, आणि गच्चीच्या दाराची किल्ली नेहमी कुठे असते तेही. कुलूप लावलेली गच्ची आणि गावाला गेलेला सदस्य ही जोडी आम्हाला वारंवार भेटते.